क्रॅप्सच्या पैजा शिकायचा क्रम: आधी घरी चिंचोक्यांवर, मग टेबलावर

क्रॅप्स, म्हणजे कॅसिनोतला दोन फाशांचा पैजांचा खेळ, शिकायला बसलेली माणसं बहुतेक एकाच जागी अडतात. पैजांची नावं पाठ होतात, कुठल्या पैजेला किती मिळतात तेही पाठ होतं. तरी सात पडला की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आपण जिंकलो की हरलो? याचं कारण असं की नावं आधी शिकली जातात आणि डाव कुठल्या अवस्थेत आहे हे बघायची सवय लागतच नाही. या खेळात एकच सात एका क्षणी जिंकवतो आणि पुढच्या क्षणी टेबल साफ करतो.

सांगली-साताऱ्याकडून मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांच्या सहलीत ग्रँड कॅन्यनच्या जोडीला लास वेगास बहुधा असतंच. तिथे सगळ्यात जास्त आरडाओरडा ज्या टेबलाभोवती चालू असतो ते क्रॅप्सचं. माणसं बघायला थांबतात, जावई म्हणतो, "बाबा, लावून बघा की," आणि पहिली नोट नेमक्या चुकीच्या चौकटीत जाते. हा लेख अशांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा वगळला तर पुढचा समजल्यासारखा वाटतो, पण समजलेला नसतो.

सावधान: घरचा सराव चिंचोक्यांवरच करायचा. महाराष्ट्रात पैसे लावून फासे खेळणं १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात सापडतं. राज्याचा कॅसिनोविषयीचा १९७६ चा कायदा कधी अमलात आला नव्हता आणि २०२३ मध्ये तोही रद्द झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, त्यामुळे "सरावासाठी ॲप घेऊ" हा मार्गही नको.

टप्पा १: तयारी

दोन फासे लागतील, शक्यतो दोन रंगांचे. लुडोचे चालतील. एक लाल आणि एक निळा असेल तर दुसरा टप्पा निम्म्या वेळात होतो. दोन-तीन वाट्या चिंचोके, एक मोठा ड्रॉइंग पेपर किंवा जुनी चादर, खडू, एक वही. बाटलीचं एक झाकण घ्या, त्याची एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी करा. टेबलावर अशीच काळी-पांढरी चकती असते, तिला पक म्हणतात. समोर भिंतीसारखं काहीतरी उभं करा, बुटाचं खोकं पुरेल. खऱ्या टेबलावर दोन्ही फासे पलीकडच्या भिंतीला लागून परत यावे लागतात, तेव्हा हाताला सवय आत्ताच लागू दे.

कागदावर आखणी अशी करा. तुमच्या बाजूच्या कडेने एक लांब पट्टा, तो पास लाइन. त्याच्या आत एक अरुंद पट्टा, तो डोन्ट पास. त्याच्या पुढे फील्ड, त्याच्या पुढे कम नावाची मोठी चौकट. सगळ्यात वर ओळीने सहा चौकटी: ४, ५, ६, ८, ९, १०. खऱ्या टेबलावर यातला सहा आणि नऊ अक्षरांत लिहिलेले असतात, कारण माणसं दोन्ही बाजूंना उभी असतात आणि उलटीकडून अंक एकमेकांसारखे दिसतात. टेबलाच्या मधोमध रंगीत फाशांची चित्रं असलेला भाग असतो. तो आत्ता काढूच नका.

किमान तिघं बसा. एकजण फासे टाकेल, म्हणजे शूटर. एकजण चिंचोके देईल-घेईल, म्हणजे डीलर. तिसऱ्याने वही सांभाळायची.

टप्पा २: छत्तीस दानं मोजा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात, आणि पुढची जवळजवळ प्रत्येक चूक इथूनच येते. लाल फाशाचे सहा आणि निळ्याचे सहा, अशा एकूण ३६ जोड्या. सगळ्या वहीत लिहून काढा आणि बेरजेप्रमाणे गट करा. असं दिसेल:

२ आणि १२: प्रत्येकी १ जोडी
३ आणि ११: प्रत्येकी २
४ आणि १०: प्रत्येकी ३
५ आणि ९: प्रत्येकी ४
६ आणि ८: प्रत्येकी ५
७: ६ जोड्या

नेहमीची चूक: लाल तीन-निळा चार आणि लाल चार-निळा तीन एकच धरणं. त्या दोन वेगळ्या जोड्या आहेत. म्हणून तर दोन रंगांचे फासे हवेत. एका रंगाच्या फाशांवर शिकलेला माणूस अकरा आणि बारा सारख्याच वेळा पडतात असं समजून चालतो. खरं म्हणजे अकरा दुप्पट वेळा पडायची शक्यता असते.

तपासून बघा: बेरीज ३६ आली का? मग वही मिटून सांगा, सहाच्या आधी सात पडायची शक्यता जास्त की कमी? सात सहा प्रकारे पडतो, सहा पाच प्रकारे. अकरापैकी सहा वेळा सात आधी येणार. हे उत्तर न अडखळता आलं तरच पुढे जा.

इथेच आणखी एक गोष्ट पक्की करा. फाशांना मागचं दान आठवत नसतं. दहा दानांत सात पडला नाही म्हणून अकराव्यात "यायलाच पाहिजे" असं काही नसतं. अकराव्यालाही शक्यता तीच, सहात एक. सांगलीत बुद्धिबळावर वाढलेली माणसं खूप आहेत, आणि त्यांना ही गोष्ट पचायला वेळ लागतो असं मी पाहिलं आहे. पटावरची प्रत्येक खेळी मागच्या खेळ्यांतून उगवते, म्हणून ते फाशांमध्येही धागा शोधतात. इथे तो नाही. तुमच्या हातात इतकंच असतं: पैज कुठे लावायची, केव्हा लावायची आणि किती.

टप्पा ३: पास लाइन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या बैठकीत फक्त हीच पैज खेळलात तरी चालेल.

झाकण काळ्या बाजूने ठेवा. काळं म्हणजे पॉइंट ठरलेला नाही, आता पडणारं दान कम-आउटचं, म्हणजे डाव सुरू करणारं. सगळ्यांनी पास लाइनवर १० चिंचोके ठेवा. फासे टाका. तीनपैकी एक गोष्ट होईल.

सात किंवा अकरा पडला तर पास लाइन लगेच जिंकते. दहाला दहा.

दोन, तीन किंवा बारा पडला तर लगेच हरते.

चार, पाच, सहा, आठ, नऊ किंवा दहा पडला तर हार-जीत काहीच नाही. तो आकडा पॉइंट झाला. झाकण पांढरं करा आणि वरच्या त्या आकड्याच्या चौकटीत ठेवा. आता फक्त दोनच आकडे महत्त्वाचे. पॉइंट पुन्हा पडला तर पास लाइन जिंकली, त्याआधी सात पडला तर हरली. बाकी काहीही पडो, पास लाइनचे चिंचोके जागचे हलत नाहीत. पॉइंट पडून जिंकलात तर फासे त्याच शूटरकडे राहतात, सात पडला तर पुढच्याकडे जातात.

"सात चांगला की वाईट?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर झाकणावर आहे. काळं असेल तर पास लाइनला सात हवा, पांढरं असेल तर नको. म्हणून फाशांच्या आधी झाकणाकडे बघायची सवय लावा. वहीवाल्याने प्रत्येक दानाआधी मोठ्याने "काळं" किंवा "पांढरं, पॉइंट आठ" असं म्हणायचं. पोरखेळ वाटेल, पण याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

सावधान: लुडोची सवय आड येते. तिथे सहा पडला की हात वर होतात. इथे कम-आउटला सहा पडणं म्हणजे फक्त पॉइंट ठरणं.

आता एक चूक जी टेबलावर कुणी थांबवत नाही. पॉइंट ठरून गेल्यावर पास लाइनवर नवे पैसे ठेवणं. कम-आउटच्या दानात तुमच्या बाजूने आठ जोड्या असतात (सातच्या सहा, अकराच्या दोन) आणि विरुद्ध फक्त चार. पास लाइनचा गोड भाग तेवढाच. पॉइंट ठरला की पारडं फिरतं. पॉइंट चार असेल तर तुमच्या तीन जोड्या आणि सातच्या सहा. उशिरा पैसे ठेवणारा गोड भाग सोडून फक्त कडू भाग विकत घेतो. डीलर अडवणार नाही, कारण कॅसिनोला ते हवंच असतं.

याच कारणाने पॉइंट ठरल्यावर पास लाइनवरचे पैसे उचलताही येत नाहीत. निकाल लागेपर्यंत ते तिथेच. "सहज एकदा लावून बघतो" म्हणणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं.

पूर्ण हिशेब मांडला तर १,९८० पास लाइन पैजांमागे सरासरी ९७६ जिंकतात आणि १,००४ हरतात. फरक २८, म्हणजे शेकडा १.४१. मार्केट यार्डात हळदीचा सौदा कुठल्याही भावाला होवो, अडत ठरलेलीच असते, तशी ही कॅसिनोची अडत समजा. फक्त ती पावतीवर छापलेली नसते, पैज देण्याच्या दरात मुरलेली असते. पुढच्या प्रत्येक पैजेला हाच प्रश्न विचारायचा: हिची अडत किती?

तपासून बघा: झाकण पांढरं, पॉइंट नऊ. अकरा पडला. काय झालं? काहीच नाही. बरेच जण इथे हात पुढे करतात.

टप्पा ४: पास लाइनच्या मागे ऑड्स

ही पैज टेबलाच्या आखणीत कुठेही लिहिलेली नसते, म्हणून नवख्यांना ती माहीतच नसते. आणि या लेखातली हीच एक पैज अशी की जिच्यात कॅसिनोची अडत शून्य आहे.

पॉइंट ठरल्यावर तुमच्या पास लाइनच्या पैजेमागे, पट्ट्याच्या बाहेर, आणखी चिंचोके ठेवायचे. पॉइंट पडला तर पास लाइनला दामदुप्पट नाही, दहाला दहाच मिळतात. मागच्या ऑड्सना मात्र शक्यतेच्या खऱ्या प्रमाणात मिळतात:

चार किंवा दहा: एकाला दोन
पाच किंवा नऊ: दोनाला तीन
सहा किंवा आठ: पाचाला सहा

दुसऱ्या टप्प्यातल्या वहीशी ताडून बघा. चारच्या तीन जोड्या, सातच्या सहा. नऊ निकालांत तीन वेळा २० मिळाले आणि सहा वेळा १० गेले: ६० आले, ६० गेले. बरोबर.

किती ठेवता येतात ते टेबलावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. एक नेहमीची मर्यादा ३-४-५ अशी असते: चार-दहाला पास लाइनच्या तिप्पट, पाच-नऊला चौपट, सहा-आठला पाचपट.

नेहमीच्या चुका दोन. पहिली, आकडा न बघता कितीही ठेवणं. पाच-नऊवर ऑड्स सम रकमेचे हवेत, सहा-आठवर पाचाच्या पटीत. पाच या पॉइंटवर १५ ठेवलेत तर २२.५० मिळायला हवेत, पण बहुतेक टेबलांवर तो अर्धा डॉलर मिळत नाही. शून्य अडतीच्या पैजेत तुम्ही स्वतःच अडत घातलीत. दुसरी चूक जास्त महागाची: "अडत नाही" म्हणजे "धोका नाही" असं समजून खिशाबाहेर लावणं. सात पडला की पास लाइनसोबत ऑड्सही जातात. ऑड्स हवे तेव्हा उचलता येतात, एवढा मात्र फरक.

टप्पा ५: डोन्ट पास

ही पास लाइनची उलटी बाजू. कम-आउटला दोन किंवा तीन पडला तर जिंकते, सात-अकराला हरते, बाराला बरोबरी: ना आले ना गेले. पॉइंट ठरल्यावर सात आधी पडला तर जिंकते. अडत १.३६ टक्के, पास लाइनपेक्षा नावापुरतीच कमी. सरावात एकदा खेळून बघा म्हणजे बाराची ती बरोबरी का ठेवली आहे ते कळेल. ती नसती तर ही पैज खेळणाऱ्याच्या फायद्याची झाली असती.

सावधान: डोन्ट पासचे पैसे पॉइंट ठरल्यावर उचलता येतात, पण उचलू नका. कम-आउटचा अवघड भाग पार करून तुम्ही आता वरचढ बाजूला आहात.

टप्पा ६: कम

पास लाइन पक्की झाल्याशिवाय इथे येऊ नका. कम म्हणजे पॉइंट ठरलेला असताना मधूनच सुरू केलेली स्वतःची पास लाइन. नियम तेच, अडतही तीच. तिच्यापुरतं पुढचं दान म्हणजे कम-आउट. गोंधळ होतो तो एकाच दानाचे दोन अर्थ लागतात म्हणून. ही चार दानं चिंचोके हलवत करून बघा, नुसती वाचू नका.

पहिलं दान: झाकण काळं, पास लाइनवर १०. पाच पडला. झाकण पांढरं, पाचवर. आता कमच्या चौकटीत १० ठेवा.

दुसरं दान: नऊ पडला. पास लाइनला काही नाही. कमचे १० नऊच्या चौकटीत गेले, त्यांचा पॉइंट आता नऊ.

तिसरं दान: पाच पडला. पास लाइन जिंकली, १० मिळाले. झाकण काळं. नऊवरचे १० तिथेच. पास लाइनवर पुन्हा १० ठेवा.

चौथं दान: सात पडला. कम-आउटचा सात म्हणून पास लाइन जिंकली. त्याच सातने नऊवरचे १० नेले.

तपासून बघा: चौथ्या दानात तुम्ही जिंकलात की हरलात? दोन्ही, आणि हिशेब शून्य. हे ज्याला चिंचोके न मोजता सांगता आलं त्याला क्रॅप्स कळला म्हणायला हरकत नाही. नऊवरच्या कमला ऑड्स लावलेले असते तर ते परत मिळाले असते, कारण वेगळं सांगितलं नाही तर कमचे ऑड्स कम-आउटच्या दानात बंद धरतात.

टप्पा ७: प्लेस, फक्त सहा आणि आठ

पॉइंटची वाट न बघता थेट आकड्यावर लावायची ही पैज. तो आकडा सातच्या आधी पडला की मिळतात. सहा आणि आठला दर सहाला सात. म्हणजे सहाच्या पटीत लावायचं: ६, १२, १८. दहा लावलेत तर पुरा दर मिळणार नाही. अकरा निकालांत पाच वेळा ७ मिळाले, सहा वेळा ६ गेले: ३५ आले, ३६ गेले. अडत १.५२ टक्के.

पाच-नऊला पाचाला सात मिळतात, अडत ४ टक्के. चार-दहाला पाचाला नऊ, अडत ६.६७. तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर सहा-आठच्या बाहेर जाऊ नये.

सावधान: काही टेबलांच्या कोपऱ्यात बिग सिक्स आणि बिग एट लिहिलेलं असतं. आकडे तेच, धोका तोच, पण सहाला फक्त सहा मिळतात. अडत थेट ९.०९ टक्के.

ही पैज स्वतःच्या हाताने चौकटीत ठेवायची नाही. चिप्स (टेबलावर पैशांऐवजी चालणाऱ्या चकत्या) पुढे ठेवून डीलरला आकडा सांगायचा, तो ठेवतो. कम-आउटच्या दानात प्लेस पैजाही साधारणपणे बंद असतात.

टप्पा ८: जिथे हात घालायचा नाही

आता कागदावर मधला भाग काढा, ओळखण्यापुरता. एनी सेव्हन ही पुढच्याच दानात सात पडेल अशी पैज, एकाला चार. छत्तीस दानांत एकेक चिंचोका लावा: सहा वेळा चार-चार मिळाले, म्हणजे २४, तीस वेळा एकेक गेला. सहा चिंचोके कमी. अडत १६.६७ टक्के, आणि तीही प्रत्येक दानाला. पास लाइनचा निकाल लागायला सरासरी तीन-साडेतीन दानं लागतात, त्यामुळे प्रत्यक्षातलं अंतर आकड्यांत दिसतं त्याहून मोठं आहे.

दुसऱ्या टोकाची मोहाची जागा फील्ड. दोन, तीन, चार, नऊ, दहा, अकरा, बारा असे सात आकडे तिच्यात येतात, म्हणून ती भरभरून दिसते. जोड्या मोजा: सात आकड्यांच्या मिळून १६, उरलेल्या चार आकड्यांच्या २०. दोन आणि बाराला दुप्पट मिळूनही अडत ५.५६ टक्के. बाराला तिप्पट देणाऱ्या टेबलावर ती २.७८ होते. दुसरा टप्पा ज्याने टाळला तो इथे सापडतो.

हार्डवेज म्हणजे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा येऊन पडणारे चार, सहा, आठ, दहा: ९.०९ ते ११.११ टक्के. नुसत्या अकराला एकाला पंधरा, अडत ११.११. नुसत्या बाराला एकाला तीस, अडत १३.८९.

सावधान: टेबलावर "५ फॉर १" असं लिहिलेलं असेल तर त्यात तुमचा लावलेला एक धरलेला असतो. ते "४ टू १" च्याच बरोबर.

टप्पा ९: खऱ्या टेबलावर उभं राहताना

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात वय किमान २१ हवं. आधी टेबलावरची पाटी वाचा: कमीत कमी पैज किती, ऑड्स किती पट. मग खर्च मांडा. किमान पैज १५ डॉलर धरा. पास लाइन १५, ऑड्स ३०, पॉइंट सहा-आठ सोडून दुसरा असेल आणि सहा-आठवर प्लेस १८-१८ असतील तर एका वेळी ८१ डॉलर टेबलावर. एक सात, ८१ गेले. हा आकडा मनाला बोचत असेल तर फक्त पास लाइन खेळा. जास्तीत जास्त किती घालवायचे ते खोलीतून निघतानाच ठरवा आणि तेवढेच सोबत न्या.

नोट डीलरच्या हातात द्यायची नाही, तो घेणार नाही. फासे शूटरकडे नसताना नोट टेबलावर ठेवा आणि चिप्स मागा. झाकण, म्हणजे पक, काळी बाजू वर असेल तेव्हा पास लाइनवर लावा. लांब दांडीने फासे सरकवणारा स्टिकमन, त्याने फासे शूटरकडे दिले की हात टेबलाबाहेर. फासे हाताला लागून सात पडला तर आजूबाजूचे सगळे तुमच्याकडेच बघतात. फासे टाकायची पाळी आली तर एकाच हाताने उचला, दुसऱ्या हातात घेऊ नका, टेबलाच्या कडेबाहेर नेऊ नका. टाकायचं नसेल तर "नको" म्हटलं तरी चालतं, पैज लावता येतेच.

जिंकलेल्या चिप्स लगेच उचला. पास लाइनवर राहिल्या तर पुढच्या कम-आउटची पैज म्हणून धरल्या जातात. निघताना सुट्या चिप्स डीलरसमोर ठेवून मोठ्या किमतीच्या मागून घ्या. त्यांचे पैसे टेबलावर मिळत नाहीत, कॅशियरच्या खिडकीवर मिळतात.